सुधारून वाढवलेली आवृत्ती

पुस्तकावर 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' असं छापलेलं दिसलं की मी आधी किंमत बघतो. वाढवलेलं काय ते तिथं लगेच कळतं. सुधारलेलं काय, हे मात्र पुष्कळदा लेखकालाही सांगता येत नाही. आमच्या बँकेत पैसे भरायच्या स्लिपच्या मी आजवर चार-पाच आवृत्त्या पाहिल्या. प्रत्येक वेळी 'ग्राहकांच्या सोयीसाठी' असं परिपत्रक येतं, आणि सहीची जागा उजवीकडून डावीकडे जाते. पुढच्या आवृत्तीत ती परत उजवीकडे येते. मधल्या काळात ग्राहकाची नेमकी काय सोय झाली, हा प्रश्न विचारणाऱ्याला बँकेत बढती मिळत नाही. मी अजून क्लार्क आहे.

आवृत्त्यांचा हा घोळ सर्वांत भक्तिभावानं कुठं घातला जात असेल, तर तो जुन्या हायफाय स्पीकरांच्या प्रांतात. हायफाय म्हणजे श्रीमंती थाटाचं, असा अर्थ आपण त्या शब्दाला चिकटवून टाकला आहे. मूळ अर्थ फार साधा आहे. गाणाऱ्यानं जे गायलं तेच आणि तेवढंच ऐकणाऱ्याला ऐकू यावं, पदरचं काही घालू नये. थोडक्यात, निष्ठा. आता या निष्ठेसाठी कपाटाएवढे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर लागतात, आणि एकाच स्पीकरच्या पहिल्या आवृत्तीचे निष्ठावंत तिसऱ्या आवृत्तीच्या निष्ठावंतांशी बोलत नाहीत. निष्ठा म्हटली की हे ओघानंच आलं.

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला या भानगडीत काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. माझं म्हणणं असं, की त्यालाच कळणार. निगडीपासून भोसरीपर्यंत आणि तिथून चाकणपर्यंत वस्तूंच्या आवृत्त्या बदलण्यावरच आमची चूल पेटते. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात काढली, निम्मी प्रेसशॉपमध्ये आणि निम्मी टूलरूममध्ये. या विषयावरचा त्यांचा सिद्धांत मी कुठल्याही समीक्षाग्रंथात वाचलेला नाही. ते म्हणतात, "मॉडेल बदलायची तीनच कारणं असतात बघ. एक तर डाय गेलेली असते, नाही तर माल पुरवणारा गेलेला असतो, नाही तर वरून कागद आलेला असतो. चौथं कारण म्हणजे सुधारणा. ते जाहिरातवाले मागाहून शोधतात."

उदाहरण घरातलंच घ्या. १९७२ साली आलेला चेतक आकुर्डीचा. त्याला तिरका केल्याशिवाय तो चालू होत नसे, आणि तरीही घराघरात त्याच्यासाठी नंबर लावलेले असत. पुढं टू-स्ट्रोकचा फोर-स्ट्रोक झाला, तो काही आम्ही तिरका करून कंटाळलो म्हणून नव्हे. धुराच्या नियमांचा कागद आला म्हणून. आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच नावानं विजेवरची स्कूटर आली. नाव तेच, आवाज गेला. याला आवृत्ती म्हणावं की पुनर्जन्म, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

निवृत्तीनंतर माणसं पारायण धरतात किंवा गुडघे धरतात. काकांनी स्पीकर धरले. त्यांच्या नादानं मीही प्राधिकरणातल्या एका बंगल्यात जाऊन आलो. तिथल्या दिवाणखान्यात एका हौशी गृहस्थांकडे लंडनच्या टॅनॉय कंपनीची जोडी उभी होती. काकांनी नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत स्पीकरची पाठ बघितली. मला ते उद्धटपणाचं वाटलं होतं, पण टॅनॉयची ओळख पाठीवरूनच पटते, असं नंतर कळलं.

गाय फाउंटन नावाच्या गृहस्थांनी १९२६ साली ही कंपनी काढली. त्यांच्या एका प्रचंड पेटीचं नाव 'ऑटोग्राफ', म्हणजे मालकाची सहीच. ती १९५३ ची. सही जुळते की नाही हे बघण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे सहीलाच माल म्हणून विकणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटला. त्यांची खरी करामत मात्र पेटीच्या आत आहे. १५ इंची कोन, आणि त्याच्या मधोमध, चुंबकाच्या पोटातून बाहेर येणारा बारीक आवाजाचा कर्णा. खर्ज आणि तार एकाच बिंदूतून यावेत, माणसाच्या गळ्यातून येतात तसे, ही त्यामागची कल्पना. १९४७ पासून ही कल्पना बदलली नाही. आवृत्त्या मात्र बदलल्या, आणि त्यांना मागच्या झाकणाच्या रंगावरून नावं पडली. आधी काळी, मग चंदेरी, १९५८ च्या सुमारास लाल आणि १९६७ मध्ये सोनेरी.

लाल आणि सोनेरी यांत थोर कोण, यावर जगभर वाद आहे. लालवाले म्हणतात, आमचा गोड. सोनेरीवाले म्हणतात, आमचा स्वच्छ. काकांनी विचारलं, "पण बदलला कशासाठी?" बंगल्याच्या मालकांनी उत्तर दिलं ते ऐकून काकांचा चेहरा उजळला. ट्रान्झिस्टर आला म्हणून! लाल टॅनॉय १५ ओहमचा. जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला ट्रान्सफॉर्मर असायचा, तो एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जावेसारखा कुणाशीही जुळवून घ्यायचा. नव्या ट्रान्झिस्टरवाल्याला मात्र १५ ओहमसमोर पुरती ताकद लावता येईना. म्हणून सोनेरी ८ ओहमचा झाला, आणि बारीक आवाज कमी-जास्त करायला त्याला खटके दिले. गोडवा आणि स्वच्छता यांवर इतकी शाई सांडली, पण मूळ कारण शेजारी बदलला हे आहे.

पुढची आवृत्ती १९७४ ची, एचपीडी. तिच्या कोनाला मागून फासळ्या बसवल्या आणि कडेच्या चुणीदार कागदाच्या जागी फोमची झालर आली. कारण? कंपनीच्या कोन बनवायच्या विभागाला त्या वर्षी आग लागली. काकांच्या सिद्धांतातली डाय नुसती गेली नाही, जळून गेली. आणि १९७८ मध्ये तिसरं कारणही हजर झालं. जुने चुंबक अल्निकोचे, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचे. जगातला सर्वांत जास्त कोबाल्ट तेव्हा आफ्रिकेतल्या झैरेमधून येई. तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, आणि कोबाल्टचे भाव आभाळाला भिडले. मग इंग्लंडची टॅनॉय काय आणि अमेरिकेची जेबीएल काय, सगळेच फेराइटकडे वळले. फेराइट म्हणजे मुख्यतः लोखंडाचा गंज, स्वस्त आणि मुबलक. अल्निकोचा चुंबक उभा, तांब्यासारखा. फेराइटचा बसका, पोळपाटासारखा. म्हणजे बंगल्यातल्या सतारीचा आवाज बदलला तो झैरेतल्या बंदुकांमुळे. "माल पुरवणारा पळाला," काका म्हणाले. भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता समीक्षकानं मत द्यावं लागतं, म्हणून देतो. फेराइट हलकं आणि अल्निको थोर, हे मला पटत नाही. फेराइटभोवतीची लोखंडी रचना नीट आखली तर तो उत्तम काम करतो, आणि जेबीएलनं ती मुद्दाम नव्यानं आखली. पुढं टॅनॉयच्या महागड्या मॉडेलांत अल्निको परत आलं, ते कानासाठी किती आणि खिशासाठी किती, हे मी बी.कॉम. असूनही सांगू शकत नाही. कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला होता. वस्तू दरवर्षी जुनी होते आणि तिची किंमत उतरते. या पेट्यांनी तो धडाच उलटा केला आहे. मला चिंता आहे ती फोमच्या झालरीची. आपल्याकडच्या पावसाळी हवेत फोम ओल धरतो आणि पंधरा-वीस वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो, पावसात ठेवलेल्या खारीसारखा. कागदाची कड टिकते. म्हणजे नवी आवृत्ती जुनीच्या आधी म्हातारी होते. दुकानदार हे सांगत नाही, कारण तो फोम बदलूनही देतो.

टॅनॉय आमच्या आवाक्याबाहेरची. क्लिप्शहॉर्नचं तसं नाही, तो आमच्या खोलीबाहेरचा आहे. पॉल क्लिप्श या अमेरिकन गृहस्थानं १९४६ पासून विकायला काढलेला हा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसतो, आणि कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच आपल्या कर्ण्याचं तोंड करतो. कल्पना अफलातून आहे. अर्धा स्पीकर कंपनीनं द्यायचा, उरलेला बिल्डरनं. हे क्लिप्शमहाशय कोटाच्या कॉलरखाली एक बटण लावून फिरत, आणि कुणी आपल्या मालाबद्दल अतिशयोक्ती करू लागला की कॉलर उलटून दाखवत. बटणावर जो शब्द होता त्याचं सभ्य मराठी भाषांतर 'शुद्ध थापा' असं होईल. आमच्या शाखेत विमा विकायला येणाऱ्यांसाठी मी तसलं एक करून घेणार आहे.

पण स्टिरिओसाठी रिकामे कोपरे लागतात दोन. चिंचवडच्या वन-बीएचकेच्या हॉलला कोपरे चार असतात हे खरं. एकात देव्हारा, एकात फ्रिज, एकात दार आणि चौथ्यात दुमडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शिवाय भिंत चार इंची. तिला कर्ण्याचं तोंड केलं तर खर्ज आपल्या घरात कमी आणि शेजाऱ्यांकडे जास्त वाजेल. अलीकडच्या आवृत्तीत कंपनीनं पेटीची पाठ बंद केली आहे, त्यामुळे तिला कोपऱ्याला घट्ट चिकटावं लागत नाही. शुद्धतावादी नाक मुरडतात. माझं मत मात्र नव्या आवृत्तीच्या बाजूनं आहे. पाहुण्यानं येताना स्वतःची उशी आणली तर यजमानानं नाराज होऊ नये.

काकांचा जीव जडला होता तो तिसऱ्यावर, बोस ९०१ वर. वडील नोनी गोपाल बोस बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेले. मुलगा अमर बोस १९२९ चा, पुढं एमआयटीत प्राध्यापक. १९५६ मध्ये त्यांनी हौसेनं एक हायफाय संच घेतला, तो मनासारखा वाजेना, आणि या तक्रारीतून पुढं कंपनी उभी राहिली. आपल्याकडे अशा तक्रारीतून फार तर ग्राहक आयोगात तारीख पडते. १९६८ च्या ९०१ मध्ये चार-साडेचार इंचांचे नऊ लहान स्पीकर असतात. एकाचं तोंड आपल्याकडे आणि आठांचं मागच्या भिंतीकडे. भजनी मंडळात बुवा एकटे समोर बघून गाताहेत आणि आठ साथीदार भिंतीकडे तोंड करून बसलेत, असं चित्र डोळ्यांपुढं आणा. सभागृहात बराचसा आवाज भिंतींवरून उलटून कानांवर येतो, तसा तो घरातही यावा, हा हेतू. पेटी भिंतीपासून फूटभर पुढं हवी, मागं मोकळी भिंत हवी. आणि तिच्याबरोबर इक्वलायझर नावाचा एक वेगळा डबा हवाच. तो नसेल तर या स्पीकरांना ना धड खर्ज असतो ना तार.

२०१६ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत याच्या सहा आवृत्त्या झाल्या, सिरीज वन ते सिक्स. खरी फाळणी दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये आहे. पहिल्या दोन पेट्या पूर्ण बंद. त्यांना ढकलायला अँप्लिफायर दणकट लागतो, पण कोनांच्या कडा कापडाच्या. १९७६ च्या तिसरीपासून पेटीला हवेची तोंडं आली, थोड्या ताकदीत मोठा आवाज येऊ लागला, आणि कडांना आला फोम. पेटीची जातच बदलल्यामुळे इक्वलायझरही बदलला. पहिल्या दोघींचा डबा पुढच्यांना चालत नाही आणि पुढच्यांचा मागच्यांना चालत नाही. दोन्ही डबे वरवर बघणाऱ्याला सारखेच, मुदत ठेवीच्या पावत्यांसारखे. व्याजदर आत असतो.

पावतीवरून आठवलं. काका एक दिवस माझ्या काउंटरवर मुदत ठेव मोडायला आले. मी चपापलो, कारण ती ठेव कशासाठी आहे हे मला ठाऊक होतं. ती कानांच्या यंत्रांसाठी होती. प्रेसशॉपमध्ये उमेदीची वर्षं गेल्यावर कानाचा जो आलेख निघतो, त्यात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा असतो. कारखान्याच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण प्रेसला नियम वाचता येत नाहीत. काकांचा आलेख मी पाहिला आहे. सरळ चाललेली रेघ ४००० पाशी अशी खाली जाते, की चाकणजवळचा रस्ता पावसाळ्यात बघावा. 'स' आणि 'श' मधला फरक, टाळांची किणकिण, तंबोऱ्याच्या जव्हारीची धार, यांचा मोठा भाग त्या खड्ड्यात आणि त्याच्या पलीकडे. लाल आणि सोनेरी यांच्यातलं भांडण चालतं तेही पुष्कळसं तिथंच.

"काका, कानाच्या पैशांनी स्पीकर?" मी विचारलं.

"अरे, नुसती यंत्रं घेऊन ऐकू काय? सोसायटीची मीटिंग?" काका म्हणाले.

यावर बँकेच्या नियमपुस्तकात उत्तर नाही. मी एवढंच केलं, की रविवारी त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो. विक्रेत्यानं सिरीज फोरची जोडी झटकून-पुसून ठेवली होती, वर डबाही होता. भाव ऐकून मला घाम फुटला. काकांनी आवाज ऐकण्याआधी पेटी वाजवून पाहिली, माठ घेताना पाहतात तशी. मग गाणं लावायला सांगितलं, आणि कान न लावता तळहात लावला. बेअरिंग गेलंय की नाही हे हातानं ओळखणारा माणूस तो. मग डबा उलटा केला, खालची पट्टी वाचली आणि शांतपणे म्हणाले, "हा सिरीज टूचा आहे."

विक्रेता म्हणाला, "साहेब, सगळे सारखेच."

"झाकण इथं आहे म्हणजे पातेलं कुठंतरी असणार," काका म्हणाले. "या डब्याची जोडी कुठाय?"

थोडी कुरकुर झाली. मग माळ्यावरून सिरीज टूची जोडी खाली आली, धुळीनं माखलेली. कडा कापडाच्या, शाबूत. विक्रेत्याच्या लेखी ती 'जुनी आवृत्ती', म्हणून भाव बराच कमी. काकांनी ती घेतली. ठेव मोडावी लागली ती लागलीच, पण उरलेल्या पैशांत एका कानाचं यंत्र बसलं. स्पीकर स्टिरिओ, कान मोनो.

आता समीक्षेच्या शेवटी निर्णय द्यायचा. सिरीज टू थोर की फोर? थोड्या ताकदीत जास्त आवाज हवा असेल तर फोर. आपल्या हवेत टिकायला हवं असेल, आणि मजबूत अँप्लिफायर घरात असेल, तर टू. मात्र दोन्हींचा डबा आपापलाच हवा. भिंतीवरून येणाऱ्या आवाजात गाणारा जरा जास्तच रुंद होतो, एकटा तंबोरा खोलीभर पसरतो, आणि निष्ठेच्या कडक व्याख्येत ते बसत नाही, हे मी काकांसमोरही बोललो आहे. त्यांनी ते न ऐकण्याच्या कानानं ऐकलं. कुठलीही आवृत्ती घेताना मी आता दोनच गोष्टी विचारतो. ही का बदलली, आणि ऐकणाऱ्याचा कान कुठल्या सिरीजचा आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आग, लढाई किंवा शेजारी असं काहीतरी निघतं. दुसरा प्रश्न जाणकारांच्या लेखांतून मी तरी अजून वाचलेला नाही. सगळे जण विशीतल्या कानानं लिहितात आणि साठीतल्या पैशांनी विकत घेतात.

काकांच्या हॉलमध्ये पेट्या भिंतीपासून मोजून एक फूट पुढं आहेत. मधल्या फूटभर जागेत काकूंनी एकदा लोणच्याची बरणी ठेवून पाहिली; तिचं झाकण भैरवीत थरथरायला लागलं, तेव्हा त्यांनीच ती उचलली. यंत्र लावून काकांनी पहिल्यांदा तंबोरा ऐकला, तेव्हा बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही धार मधली वीस वर्षं वाजतच होती म्हणायची."

हल्ली ते यंत्र लावलेल्या कानाला 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' म्हणतात आणि उघड्या कानाला 'मूळ'. गाण्यासाठी सुधारलेली. सोसायटीच्या सभेला मात्र ते न चुकता मूळ आवृत्ती घेऊन येतात.